एकच गाणं, पुन्हा पुन्हा: एला फिट्झजेराल्डच्या साथीने जॅझ स्टँडर्डची ओळख

जॅझ ऐकायचं ठरवून बसलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी कोणीतरी यादी देतं. हे शंभर अल्बम ऐक, मग बोलू. मीही तशी यादी घेऊन बसले होते. तीन महिन्यांत बरंच काही कानांवरून गेलं आणि लक्षात जवळपास काही राहिलं नाही. मग एका संध्याकाळी एकाच गाण्याची दोन ध्वनिमुद्रणं योगायोगाने पाठोपाठ लागली. दोन्ही एकाच गायिकेची. दुसरं सुरू होऊन मिनिट उलटलं तरी हे तेच गाणं आहे हे मला कळलं नव्हतं. कळलं तेव्हा मी पहिलं पुन्हा लावलं, मग दुसरं, मग परत पहिलं. रात्री जेवायला उशीर झाला, पण यादी मी बाजूला ठेवून दिली ती कायमची.

गाणं होतं 'ओ, लेडी बी गुड' आणि गायिका एला फिट्झजेराल्ड. हा लेख बहुतेक या एका गाण्याभोवती फिरतो. महिनाभर रोज वीस मिनिटं दिलीत तर पुरे. वाद्य वाजवता यायची गरज नाही, स्वरलिपी वाचता यायचीही नाही.

आधी एवढं माहीत असू द्या

स्टँडर्ड म्हणजे अशी गाणी, जी जॅझच्या जवळपास प्रत्येक वादकाला आणि गायकाला येतात. चार अनोळखी वादक एका मंचावर आले, गाण्याचं नाव आणि पट्टी सांगितली, की ते वाजवायला लागतात. यातली खूपशी गाणी मुळात जॅझची नव्हेतच. साधारण 1920 ते 1950 या काळात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकांसाठी आणि हॉलिवूडच्या चित्रपटांसाठी ती लिहिली गेली. जॉर्ज गर्श्विन आणि त्याचा भाऊ आयरा, कोल पोर्टर, अर्व्हिंग बर्लिन, जेरोम कर्न, रिचर्ड रॉजर्स आणि त्याचा गीतकार लॉरेन्झ हार्ट ही त्यातली मोठी नावं. नाटकं विस्मरणात गेली, गाणी उरली.

मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. 'स्वयंवर' नाटक रंगमंचावर न पाहिलेल्या कितीतरी लोकांना 'नाथ हा माझा' पाठ आहे. नाटकातलं पद मैफलीत आलं, प्रत्येक गायकाने त्याला आपापल्या गळ्यातून नवं केलं, आणि ते नाटकाच्या कथानकातून कायमचं मोकळं झालं. कुमार गंधर्वांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' असा कार्यक्रमच केला. एका मोठ्या गायकाने दुसऱ्याची गाणी समोर घेऊन 'मला ही अशी दिसतात' असं सांगणं. एलाने 1956 ते 1964 या काळात व्हर्व्ह कंपनीसाठी गायलेली 'साँग बुक' मालिका त्याच जातीची आहे. एकेक संच एकेका संगीतकाराचा किंवा गीतकाराचा: कोल पोर्टर, रॉजर्स आणि हार्ट, ड्यूक एलिंग्टन, बर्लिन, गर्श्विन बंधू, हॅरल्ड आर्लन, कर्न, जॉनी मर्सर. असे आठ. आपण यातल्या दोनच संचांना हात लावणार आहोत.

पहिली पायरी: ऐकण्याची सोय

मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर जॅझ ऐकू नका. त्यात डबल बेस, म्हणजे उभं धरून वाजवायचं खर्जातलं मोठं तंतुवाद्य, जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि या संगीताचा पाया तिथे आहे. तबल्याचा डग्गा काढून टाकला तर ठेक्याचं काय होईल, तसंच काहीसं. साधे इअरफोन चालतील.

शफल आणि ऑटोप्ले बंद करा. मग आवृत्ती नीट निवडा, कारण इथेच नवखे सर्वांत जास्त चुकतात. एलाने एकच गाणं वीस-तीस वर्षांत अनेकदा गायलंय, आणि ॲपवर दिसणारं साल पुष्कळदा नव्या संकलनाचं असतं, मूळ ध्वनिमुद्रणाचं नव्हे. 1955 पर्यंत ती डेक्का कंपनीकडे होती, त्यानंतरची साँग बुकं व्हर्व्हची. अल्बमचं नाव पाहूनच गाणं लावा. जवळ एक वही ठेवा. कोणत्या सालातलं काय ऐकलं एवढं जरी लिहिलंत तरी पुढे फार उपयोग होतो.

दुसरी पायरी: आधी शब्द

गर्श्विन साँग बुक 1959 सालचं. पाच एलपींचा संच, पन्नासहून जास्त गाणी, वाद्यवृंदाची रचना नेल्सन रिडलची. त्यातलं 'ओ, लेडी बी गुड' शोधा. त्याआधी गाण्याचे शब्द मिळवून एकदा वाचून काढा. इंग्रजी उच्चार झटकन कळत नसतील तर दोनदा वाचा. यात कमीपणा काही नाही, मीही अजून वाचते.

1924 साली ब्रॉडवेवर 'लेडी, बी गुड!' नावाचं संगीत नाटक आलं. फ्रेड आणि अडेल अस्टेअर ही भावंडं त्यात होती. नाटकात हे गाणं एका पुरुष पात्राच्या तोंडी आहे. तो एका तरुणीची मनधरणी करतोय. शब्द साधे: या मोठ्या शहरात मी एकटा आहे, थोडी दया कर, माझ्याशी चांगली वाग. पण या मुख्य गाण्याआधी काही प्रास्ताविक ओळी आहेत, ज्यांना व्हर्स म्हणतात. त्यात गाणारा आपलं दुःख सांगतो: छान कपडे करून तयार होतो आणि संध्याकाळी जायला कुठे जागाच नाही. बहुतेक जॅझ गायक व्हर्स गाळून थेट मुख्य गाण्यावर येतात. एला साँग बुकमध्ये अनेक ठिकाणी ते गाते, आणि इथेही गायलंय.

आता लावा. व्हर्स संथ आहे, जवळजवळ बोलल्यासारखं. तिथे ठेका मोजायला जाऊ नका. मग व्हायोलिनांचा मऊ थर आणि त्यावर तिचा आवाज. तीन गोष्टींकडे कान द्या. एक, प्रत्येक शब्दाचं शेवटचं व्यंजन. ती एकही शब्द गिळत नाही. दोन, लांब स्वर ती आधी सरळ धरते, आणि आंदोलन आलंच तर स्वराच्या शेवटी येतं. तीन, ती काही दाखवत नाही. हरकती फार थोड्या. पहिल्या दिवशी हे गाणं तुम्हाला कदाचित फार साधं वाटेल. चौथ्या दिवशी तो साधेपणा किती अवघड आहे ते जाणवायला लागतं.

आयरा गर्श्विनने म्हटल्याचं सांगतात की एलाने गाईपर्यंत आपली गाणी इतकी चांगली आहेत हे आपल्याला माहीत नव्हतं. गीतकाराला असं का वाटावं, याचं उत्तर या चार मिनिटांत आहे.

तिसरी पायरी: खुणेचे दगड ओळखा

आता गाण्याचा साचा. ही पायरी टाळू नका, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

मुख्य गाण्याचे चार भाग आहेत. प्रत्येक भाग आठ बारांचा, आणि एक बार म्हणजे चार मात्रा. म्हणजे चार गुणिले आठ, बत्तीस बारांचं एक आवर्तन. जॅझवाले या आवर्तनाला कोरस म्हणतात. पहिला, दुसरा आणि चौथा भाग एकाच चालीचे, तिसरा वेगळ्या चालीचा. तिसऱ्याला ब्रिज म्हणतात. आपल्याकडच्या अस्थायी-अंतऱ्याशी जवळचं, फरक इतकाच की इथे अस्थायी दोनदा गाऊन मग अंतरा येतो आणि शेवटी अस्थायी एकदा परत.

'लेडी बी गुड' शिकायला सोयीचं आहे, कारण खुणा शब्दांतच आहेत. गाण्याच्या नावाची विनवणी पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या भागाच्या शेवटी येते. तिसऱ्यात ती नाही. तिथे दया मागणं आणि मोठ्या शहरातलं एकटेपण आहे. कागदावर चार चौकोन काढा आणि गाणं लावून प्रत्येक चौकोन संपला की बोट पुढे सरकवा. ब्रिज सुरू होताना चाल वर उचलल्यासारखी वाटते, शेवटच्या भागात घरी परतल्यासारखी. चार-पाच वेळा केलंत की कागदाची गरज राहत नाही.

चौथी पायरी: टाळी कुठे द्यायची

आपला कान समेवर जातो. एक या मात्रेवर हात पडतो, मान डोलते. जॅझमध्ये टाळी किंवा चुटकी दोन आणि चारवर पडते. एक रिकामा, दोनवर चुटकी, तीन रिकामा, चारवर चुटकी. सुरुवातीला हात आपोआप एकवर जाईल. जाऊ दे, पुन्हा सुरू करा.

यासाठी 1956 सालचा 'एला अँड लुई' घ्या. एला, सोबत लुई आर्मस्ट्राँगचा खरखरीत आवाज आणि ट्रंपेट. मागे वाद्यवृंद नाही. फक्त ऑस्कर पीटरसनचा पियानो, हर्ब एलिसचं गिटार, रे ब्राउनचा बेस आणि बडी रिचचा ड्रम. सगळं मोकळं आणि स्वच्छ ऐकू येतं. 'दे कान्ट टेक दॅट अवे फ्रॉम मी' लावा, दोन-चारवर चुटकी द्या, आणि कान बेसवर ठेवा. बेसवाला कसा चालतो ते ऐका. याला वॉकिंग बेस म्हणतात, आणि चाल खरंच पायी चालण्याची आहे. रे ब्राउन हा एलाचा नवरा होता, 1953 साली दोघं विभक्त झाले. तीन वर्षांनी तो तिच्या मागे इतका शांत, इतका भक्कम बेस वाजवतोय हे माझ्या मनातून जात नाही.

याच अल्बममधलं 'मूनलाइट इन व्हर्माँट'ही ऐका. त्याच्या शब्दांत यमक नाही, आणि बहुतेकांना ते कित्येक वर्षं ऐकूनही लक्षात येत नाही.

पाचवी पायरी: 1947

आता तेच गाणं, तीच गायिका, बारा वर्षं आधी. डेक्का, 1947, 'ओ, लेडी बी गुड'. चाल वेगवान. शब्द गाऊन होतात आणि एला शब्द सोडून देते. पुढे आहेत नुसती अक्षरं: ब, द, र, ड, व यांच्या जोडण्या, श्वास घ्यायला जागा नाही इतक्या वेगाने. याला स्कॅट म्हणतात.

इथे बहुतेकांना तराणा आठवतो. तुलना काही अंशी बरोबर आहे, पण तिच्यावर थांबू नका. तराण्याची अक्षरं बऱ्याच अंशी ठरलेली असतात. स्कॅटची अक्षरं वाद्याच्या आघातातून येतात: ट्रंपेटवर जीभ कशी आपटते, सॅक्सोफोनवर स्वर कसा सुटतो, त्याची ती नक्कल. एलाने स्वतः सांगितलंय की बँडमधली फुंकवाद्यं जे करत होती ते करून बघण्याचा आपला प्रयत्न होता. ती विशीच्या आधीपासून बँडमध्येच वाढली म्हणायला हरकत नाही. जन्म 1917, आई 1932 साली गेली, आणि 21 नोव्हेंबर 1934 ला हार्लेममधल्या अपोलो थिएटरच्या हौशी कलाकारांच्या स्पर्धेत ती नाचायला म्हणून गेली. ऐनवेळी गायली आणि जिंकली. पुढच्याच वर्षी ड्रमवादक चिक वेबच्या बँडमध्ये दाखल. 1938 साली 'अ-टिस्केट, अ-टास्केट' या बडबडगीतावरच्या गाण्याने तिचं नाव देशभर झालं. 1939 साली वेब वारला तेव्हा बावीस वर्षांच्या या मुलीच्या नावावर तो बँड चालू राहिला. 1946 साली ती ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पीच्या बँडबरोबर दौऱ्यावर होती. तेव्हा बीबॉप नावाचं नवं, वेगवान, अवघड जॅझ आकाराला येत होतं, आणि ते तिने वादकांच्या शेजारी उभं राहून उचललं.

आता करायचं ते असं. 1947 चं ध्वनिमुद्रण लावा आणि एला स्कॅट गात असताना मनात मूळ गाण्याचे शब्द म्हणत राहा. चार चौकोन आठवा. तिची अक्षरं कुठेही धावोत, खाली आवर्तन तेच आहे. ब्रिज आला की स्कॅटचंही वळण बदलतं. पहिल्या दोन-तीन खेपांना तुम्ही वाटेत हरवाल. मग एकदा केव्हातरी तुमचा ब्रिज आणि तिचा ब्रिज एकाच क्षणी सुरू होईल. मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा लोकलमध्ये दादर ते ठाणे एवढ्या वेळात मी तेच तीन मिनिटांचं गाणं पुन्हा पुन्हा ऐकत होते.

माझं एक ठाम मत इथेच सांगते. नवख्यांना लोक आधी स्कॅटच ऐकवतात, कारण ते चकित करतं. त्यामुळे एला म्हणजे गळ्याची कसरत असा समज होतो. एलाने स्वतः नंतर सांगितलं की एक वेळ अशी आली होती की ती फक्त बीबॉपच गात होती. तिचा व्यवस्थापक नॉर्मन ग्रँझ याला वाटलं की हिने आणखी काही करायला हवं. त्यातून 1956 चं कोल पोर्टर साँग बुक झालं, आणि त्याने तिच्या गाण्याला वळण मिळालं. 1959 चं संथ 'लेडी बी गुड' हे त्या वळणानंतरचं आहे. म्हणून मी ते आधी ऐकवते. शब्दांवर ज्याचा विश्वास बसला त्यालाच शब्द सोडल्यावर काय घडतं ते कळतं.

सहावी पायरी: पेटीवरचा एक प्रयोग

भारतीय संगीतात वाढलेल्या कानाला जॅझमधली सर्वांत परकी गोष्ट कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन-चार स्वर. आपल्याकडे तानपुरा स्थिर असतो आणि स्वर त्याच्याभोवती फिरतो. इथे खालची जमीनच सरकत राहते.

घरात पेटी असेल तर सा, ग, प एकत्र दाबा. हा मेजर कॉर्ड. आता ग सोडून कोमल ग घ्या. हा मायनर. एकाच स्वराने किती उजेड कमी झाला ते कानाने टिपून ठेवा. पेटी नसेल तर मोबाइलवरचा पियानोही चालेल.

मग कोल पोर्टर साँग बुकमधलं 'एव्हरी टाइम वी से गुडबाय' लावा. सुरुवातीला चाल जवळजवळ हलतच नाही. एकच स्वर पुन्हा पुन्हा येतो. पण खालचे कॉर्ड बदलतात आणि तोच स्वर प्रत्येक वेळी वेगळ्या रंगाचा होतो. मला हे आधी समजलंच नव्हतं. एवढ्या मोठ्या संगीतकाराला एकच सूर का सापडला, असं वाटायचं. पुढे गाण्याच्या शेवटाकडे शब्दांतच मेजरकडून मायनरकडे होणाऱ्या बदलाचा उल्लेख येतो, आणि नेमक्या तिथे खालचा कॉर्डही मेजरचा मायनर होतो. निरोपाच्या गाण्यात निरोपाचा स्वर. पोर्टर स्वतःच शब्द लिहायचा आणि स्वतःच चाल करायचा, म्हणून त्याला हे इतकं नेमकं बसवता आलं. एला त्या जागी आवाज वाढवत नाही, उसासा टाकत नाही. ओळ फक्त अचूक सुरात गाते आणि बाकीचं कॉर्डवर सोडते. तुमचा कान तयार झाला असेल तर त्या क्षणी पोटात कालवतं.

इथेच एलाबद्दलच्या जुन्या तक्रारीला उत्तर देता येतं. तिच्या गाण्यात दुःख नाही, ती फार आनंदी गाते, तिच्याच काळातल्या जॅझ गायिका बिली हॉलिडेसारखी काळजाला भिडत नाही, असं म्हणणारे खूप आहेत. बिली हॉलिडे गाण्यात स्वतःचं आयुष्य ओतते, हे खरं. एला बाजूला उभी राहते आणि गाणं तुमच्या हातात देते. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. ज्याला गाणं समजून घ्यायचंय त्याने आधी एलाकडे यावं असं मला वाटतं, कारण तिच्याकडे रचना स्वच्छ दिसते.

सातवी पायरी: चूक झालेली रात्र

13 फेब्रुवारी 1960, बर्लिन. 'एला इन बर्लिन' हा त्या मैफलीचा अल्बम. 'मॅक द नाइफ' हे गाणं कुर्ट वाइलच्या 1928 सालच्या नाटकातलं, आणि ते नाटक पहिल्यांदा बर्लिनमध्येच झालं होतं. म्हणजे गाणं आपल्या गावी परत आलेलं. एला ते नव्यानेच गात होती. मध्येच शब्द विसरली. थांबली नाही. आपण शब्द विसरलोय हेच चालीत बसवून गायली, हे गाणं आधी गाजवणाऱ्या बॉबी डॅरिन आणि लुई आर्मस्ट्राँग यांची नावं घेतली, आर्मस्ट्राँगच्या आवाजाची नक्कल केली, आणि आवर्तन एकदाही चुकवलं नाही. या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळालं.

लगेच पुढे 'हाउ हाय द मून' ऐका. सलग काही मिनिटं स्कॅट. त्यात ती इतर गाण्यांचे तुकडे पेरत जाते. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची 'ऑर्निथॉलॉजी' ही धून या गाण्याच्याच कॉर्डवर बांधलेली आहे, आणि एला ती मूळ गाण्यात परत आणते. आपल्याच 'अ-टिस्केट'चा तुकडाही टाकते. शेवटी 'स्मोक गेट्स इन युअर आइज'ची ओळ येते, पण धुराच्या जागी घाम डोळ्यांत जातोय असं ती गाते. सगळे तुकडे पहिल्या दिवशी ओळखायची गरज नाही. वहीत एक पान राखून ठेवा, जसजसा तुकडा ओळखू येईल तसं लिहीत जा. माझ्या पानावर अजून जागा आहे.

आठवी पायरी: दुसऱ्यांकडे जा

यासाठी 'समरटाइम' घ्या. गर्श्विनच्या 'पोर्गी अँड बेस' या 1935 सालच्या ऑपेरातली अंगाई. शब्द ड्यूबोस हेवर्डचे. बिली हॉलिडेचं 1936 चं ऐका: वेग थोडा जास्त, मागे ट्रंपेट आणि क्लॅरिनेट, आवाजात किंचित कडवटपणा. मग एला आणि लुईचं 1957 साली मुद्रित झालेलं: आधी ट्रंपेट, मग ती, मग तो. मग आवाज सोडून वाद्यांकडे: ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचं 1958 चं, आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं 1960 चं, ज्यात अंगाईतली झोप उडून गेलेली आहे. चारही एका बैठकीत ऐकू नका. दिवसाला एक.

आपल्याकडची वाट

हे संगीत आपल्याकडे पोहोचलं ते फार पूर्वी. 1930 च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबीसारखे अमेरिकेतले कृष्णवर्णीय बँडप्रमुख आपले बँड घेऊन आले. गोव्याच्या वादकांनी ते शेजारी बसून उचललं. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रंपेट वाजवायचा, आणि त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर त्याने काम केलं. 1951 च्या 'अलबेला'मधलं 'शोला जो भडके' आता पुन्हा लावून बघा. दोन-चारवर चुटकी द्यायची सवय झाली असेल तर त्यातली फुंकवाद्यं निराळी ऐकू येतील. 1957 च्या 'ईना मीना डीका'मधली अक्षरंही. नेल्सन रिडलने एलासाठी जे काम केलं, म्हणजे कोणतं वाद्य कुठे येईल आणि किती वेळ गप्प बसेल ते ठरवणं, तेच काम हिंदी चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसूझांसारख्या गोमंतकीय अरेंजरांनी केलं. ड्यूक एलिंग्टनचा बँड 1963 साली मुंबईत वाजून गेला, आर्मस्ट्राँग पुढच्या वर्षी. 1978 पासून धोबी तलावाच्या रंगभवनात 'जॅझ यात्रा' हा महोत्सव भरायला लागला. घरात त्या काळातलं कोणी असेल तर विचारा. अनेकांकडे त्या रात्रींच्या आठवणी असतात आणि विचारणारं कोणी नसतं.

शेवटची पायरी

आता परत 'लेडी बी गुड'. पण एला नाही, आवाजच नाही. 1936, जोन्स-स्मिथ इनकॉर्पोरेटेड. हा खरं तर काउंट बेसीच्या बँडमधल्या पाच जणांचा गट. बेसीचा डेक्काशी करार झाला होता म्हणून त्याचं नाव वापरता आलं नाही. टेनर सॅक्सोफोनवर लेस्टर यंग. त्याचं हे पहिलंच ध्वनिमुद्रण, वय सत्तावीस.

आधी बेसीचा पियानो एक आवर्तन वाजवतो. मग लेस्टर यंग दोन आवर्तनं घेतो. मूळ चाल तो जवळपास वाजवतच नाही. आवाज हलका, घाई कुठेच नाही, वाक्यं बोलल्यासारखी, काही अर्धवट सोडलेली. जॅझच्या कितीतरी सॅक्सोफोनवादकांनी ही दोन आवर्तनं सुरासुराने पाठ केली.

इअरफोन लावा. डोळे मिटा. बोटांनी दोन आणि चारवर चुटकी. मनात एलाच्या 1959 च्या आवाजात शब्द म्हणायला लागा: पहिला भाग, विनवणी, दुसरा भाग, विनवणी, मग ब्रिज, मोठं शहर, एकटेपण. लेस्टर काय वाजवतोय ते त्याच वेळी ऐका. शब्द तुमचे, वळणं त्याची. चौथा भाग, पुन्हा विनवणी, आणि दुसरं आवर्तन सुरू.